खिडकीतून पाहिलेला जर्मनी

आधी तो कप खाली ठेवा. पुढचं ऐकताना तुम्ही हसणार, चहा सांडणार, आणि सोफ्याच्या कव्हरवरून आमची ही मलाच बोलणार. हसणार नाही म्हणता? रायपूरच्या आमच्या ह्या बूढापारा मोहल्ल्यात न हसलेला माणूस उरलेला नाही हो. एकट्या मलाच अजून रडू येतं.

फजिती कुणाची होत नाही? पण माणसानं परदेशातल्या पोराला फोन लावून, 'बघ रे, लाईव्ह बघ, झोपू नको' असं बजावून स्वतःची फजिती करून घ्यावी का? मी ती तशी करून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

सुरुवातीपासून सांगतो.

मी इंगोले. उभी हयात रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसात गेली, गुढियारीच्या बाजूला. एकुलता एक मुलगा प्रशांत जर्मनीत नोकरीला. सुनेचं पहिलं बाळंतपण आलं, तिच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणून आमची ही, म्हणजे सुमन, जायची ठरली. आणि तिच्यासोबत मी. बाळंतपणाला बायकोबरोबर गेलेल्या पुरुषाला काय किंमत असते, माहीत आहे? डिंकाच्या लाडवांचा डबा बरा, तो निदान कामाला तरी येतो.

गेलो ते भर हिवाळ्यात. दुपारी चारला अंधार. प्रशांत दिवसभर ऑफिसात. सुमन आणि सूनबाई बाळात गुंतलेल्या. बाळ झोपलेलं असलं की घरात बोलायचं नाही, आणि बाळ उठलं की माझं बोलणं ऐकायला कुणी मोकळं नाही. मला कामं दोनच. कचरा खाली नेऊन टाकायचा आणि खिडकीत उभं राहायचं. चौथ्या मजल्यावरची खिडकी, समोर बसचा थांबा. प्रशांत त्याच थांब्यावर उतरायचा. मी दुपारपासूनच उभा!

तीन महिन्यांत एकदा, फक्त एकदाच, प्रशांतनं आम्हाला शहरात फिरवून आणलं. मी हुशार माणूस. पिशवीत तीन स्वेटर आणि दोन टोप्या घालून नेल्या होत्या. एका चौकात उभं राहून, स्वेटर बदलून बदलून इतके फोटो काढून घेतले, की रायपूरला परत आल्यावर लोकांना वाटलं इंगोले रोज कुठे ना कुठे भटकत होते.

झालं! मी 'जर्मनीवाले अंकल' झालो. गोल बाजारात भांड्यांचा दुकानदार मला स्टूल द्यायला लागला. गणपतीत माझं भाषण ठेवलं. त्यात मी नदीतून बोटीनं गेलो, किल्ला चढलो, बर्फात घसरलोसुद्धा.

थापा मारल्या, हो. तुम्ही मारत नाही का? पण बढाई हा त्यातला अर्धा भाग. खरं कारण प्रशांत होता. तो दर फोनवर विचारायचा, "बाबा, मज़ा आया था ना?" पोरानं किती हौसेनं बोलावलं होतं. त्याला काय सांगू, की बेटा, तुझ्या घरी मला एक दिवस करमलं नाही? तुझ्याशी बोलायला म्हणून एवढा समुद्र ओलांडून आलो, आणि बोलणं तेवढं राहून गेलं? हे त्याला कळलं असतं तर तो तिकडे जिवाला लावून घेत बसला असता. लहानपणापासून तसाच आहे. म्हणून मी म्हणायचो, "अरे स्वर्ग रे, स्वर्ग!" झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली आमच्या मागच्या गल्लीतल्या चर्चनं.

तिथं लिली दीदी म्हणून आहेत. शाळेतून रिटायर झालेल्या, पण बोलताना समोरचा माणूस आपोआप हात मागे बांधून उभा राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्या चर्चमध्ये मुलांसाठी शिबिर घेतात. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सगळी पोरं जातात, कुणाच्या घरी कुठला देव आहे हे कुणी विचारत नाही. तिथं मोठा कूलर आहे, बेलाचं शरबत मिळतं, आणि घरच्यांना दुपारची झोप मिळते. यंदा त्यांनी काढलं, 'आओ, दुनिया घूमें'. चर्चच्या मागच्या एकेका खोलीत एकेक देश. पोरांना पुठ्ठ्याचे पासपोर्ट, देश शिकून झाला की त्यावर ठप्पा.

दीदी घरी आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "इंगोले भैया, जर्मनी आपको लेना है."

"लेना है मतलब?"

"पूरा हफ्ता बच्चों को बताना है. जो आदमी देश देखके आया है, वही बताएगा. जापान के लिए एक नर्स मिल गई, केन्या के लिए फ़ादर के दोस्त हैं. जर्मनी के लिए पूरे पारा में आपके सिवा कौन है?"

आतून सुमन खोकली. तिला खोकला झालेला नसताना ती खोकली, की समजायचं, 'नाही म्हणा.' संसाराची एवढी वर्षं मी ह्याच खुणेवर चाललो आणि तरलो. पण 'आपके सिवा कौन है' हे वाक्य कानात गेलं की माणसाला बायकोचा खोकला ऐकू येतो का?

"हव दीदी, हो जाएगा," मी म्हणालो.

दीदी गेल्यावर सुमन बाहेर आली. "अजी, काहून हव म्हटलं तुम्ही? काय पाह्यलं तुम्ही तिथं?"

"सगळं पाह्यलं."

"कचऱ्याचे डबे पाह्यले! पोट्टे इचारतीन तं काय सांगान?"

"मोबाईल कायले हाय मंग?" मी म्हटलं आणि चष्मा लावून अभ्यासाला बसलो.

पहिल्या दिवशी जर्मनीच्या खोलीत मी नद्या सांगितल्या, डोंगर सांगितले, कोळसा कुठे आणि कारखाने कुठे ते सांगितलं. समोर दहा-बारा पोरं. एक जण चपलेचा पट्टा काढत-घालत होता. दोन पोरी एकमेकींच्या वेण्या सोडवत होत्या. शेवटी माही नावाची एक पोट्टी उठली. वय असेल नऊ, पण तोंड बघाल तर थेट कोर्टातलं.

"अंकल, ये तो सब मोबाइल में भी है. आपने क्या देखा, वो बताओ ना."

मी म्हटलं, "किला देखा."

"अंदर से कैसा था?"

आता आली का पंचाईत! गणपतीच्या भाषणात असलं कुणी विचारत नाही हो. मोठी माणसं टाळ्या वाजवून प्रसादाकडे जातात. पोरं मात्र 'अंदर से कैसा था' म्हणतात आणि तोंडाकडे बघत बसतात.

"वहाँ के बच्चे क्या खेलते हैं?" दुसऱ्यानं विचारलं.

"मैंने ज़रा ऊपर से देखा..."

"ऊपर से मतलब? हवाई जहाज़ से?"

घाम फुटला, एवढा कूलर चालू असताना. आणि त्या घाबरगुंडीत तोंडून खरं निघून गेलं. "देखो, वहाँ कचरे के चार डब्बे होते हैं."

चपलेवाल्यानं चप्पल सोडली. "चार? काहे के लिए?"

मग काय! कागद कुठे, साल कुठे, प्लास्टिक कुठे, आणि उरलेलं कुठे, आणि कुठल्या दिवशी कुठल्या डब्याची गाडी येते. आमचं घर होतं त्या इमारतीत एकदा मी संत्र्याची साल चुकून कागदाच्या डब्यात टाकली, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी ती साल चिमटीत धरून चौथ्या मजल्यापर्यंत चढून आली होती! पोरं हसून हसून लोळली. मी चार खोकी मांडली आणि डब्यांचा खेळच सुरू केला. शेजारचा जपान दारात येऊन बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांना रविवार सांगितला. तिकडे रविवारी आवाज करायचा नसतो. खिळा ठोकायचा नाही, मशीन लावायची नाही. हे सुमनला काय ठाऊक? तिनं रविवारी सकाळीच सूनबाईसाठी सुंठ कुटायला घेतली. रायपूरहून नेलेला लोखंडी खलबत्ता! ठण ठण ठण! तीच म्हातारी पुन्हा वर. ती तिच्या भाषेत ओरडतेय, सुमन वऱ्हाडीत तिला बाळंतिणीला सुंठ किती गरजेची आहे ते समजावून सांगतेय, आणि दोघींच्या मध्ये मी दोन्ही हात जोडून उभा. हे मी पोरांना करून दाखवलं. त्यांनी ते मला तीनदा करायला लावलं.

आणि मग कधीतरी माहीनं विचारलं, "फिर दिन भर आप क्या करते थे अंकल?"

"खिड़की में खड़ा रहता था."

"फिर?"

"फिर बस आती थी."

"उसमें कौन आता था?"

"कोई नहीं. फिर दूसरी बस आती थी."

"फिर?"

काय सांगू तुम्हाला, जर्मनीहून परत आल्यापासून मला कुणी 'फिर?' असं विचारलंच नव्हतं. लोक फोटो बघायचे आणि 'वाह' म्हणायचे. ही पोरं गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. मला इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं वाटत होतं, की थाप मारायचं सुचलंच नाही. सगळं सांगून टाकलं. प्रशांत कसा थकून यायचा, आल्यावर लॅपटॉप कसा उघडायचा, मी शेजारी जाऊन कसा बसायचो, आणि आमच्यात बोलायला विषय म्हणजे 'आज कौन-सा डब्बा जाएगा' एवढाच कसा असायचा. इथेच माझा घात झाला, पण तेव्हा कळायला अक्कल पाहिजे ना!

शिबिराचा शेवट रविवारी. प्रार्थना झाली की पाऱ्यातले सगळे आईबाप यायचे आणि प्रत्येक खोलीतली पोरं आपापला देश स्टेजवर दाखवणार. दीदींचा नियम असा, की काय दाखवायचं ते पोरंच ठरवणार, मोठ्यांनी नाक खुपसायचं नाही. शनिवारी मला माझ्याच जर्मनीतून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी माही घरी आली. "अंकल, आपका मफलर दो. टोपी भी. और आंटी का वो कूटने वाला."

सुमननं खलबत्ता दिला, पण पोट्टी गेल्यावर कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "जर्मनीले खलबत्ता कायले लागते जी?"

"असंल काही. ताल-बिल धरत असतीन गाण्याले."

"मफलर कायले?"

"तिथं थंडी असते ना सुमन!"

"अगोदर इचारून तं घ्या त्यायले, काय करून राहिले म्हणून."

"सरप्राइज हाय," मी म्हणालो. मफलर माझा, टोपी माझी, खलबत्ता माझ्या घरचा. आणि मला वाटलं काय, तर पोरं नाच बसवताहेत!

आता माणूस असा फुगलेला असला की गप्प बसतो का? मी गणपती मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं. गोल बाजारातल्या त्या भांडेवाल्यालासुद्धा. आणि प्रशांतला फोन केला.

"बाबा, संडे को? यहाँ तो सुबह-सुबह होगी."

"मंग ऊठ! तुझं जर्मनी दाखवून राहिले इथं पोट्टे. मी शिकवलं त्यायले."

"सच में? क्या सिखाया?"

"सगळं!" मी म्हणालो. "जे पाह्यलं ते सगळं."

तो हसला. खूप खूश झाला होता हो पोरगा. म्हणाला, रेवालाही बसवतो बघायला. रेवा म्हणजे नात, जिच्या बाळंतपणाला आम्ही गेलो होतो ती. आता दुडदुडा पळते.

रविवार उजाडला. हॉल भरला. मी पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, उन्हाळ्यात बूट घालून. सुमनच्या हातात मोबाईल, त्यात प्रशांत, पांघरूण गुंडाळलेला, मांडीवर रेवा. जपान आला, कागदाचे पंखे हलवून गेला. केन्यावाल्यांनी उंच उड्या मारल्या. ब्राझीलनं फुटबॉल थेट फ़ादरच्या मांडीवर मारला. टाळ्यांवर टाळ्या.

मग दीदी म्हणाल्या, "अब जर्मनी. इंगोले भैया का जर्मनी." मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. काय गरज होती? पण केला.

पडदा सरकला. स्टेजवर चार खोकी आणि पुठ्ठ्याची एक मोठी खिडकी. खिडकीत माही. गळ्यात माझा मफलर, डोक्यावर माझी टोपी, हात पाठीमागे, आणि पोट थोडं पुढे. बघताक्षणी हॉल हसला. कुणाची नक्कल आहे हे कुणी सांगायची गरजच नव्हती. मला अजून वाटत होतं की आता गाणं सुरू होईल.

एक पोरगी साडी गुंडाळून आली आणि खलबत्ता कुटायला लागली. ठण! बाकीची सगळी पोरं ओठांवर बोट ठेवून, "शूऽऽऽ!" पुन्हा ठण, पुन्हा शूऽऽऽ. एक पोट्टा केसांना पावडर फासून म्हातारी झाला आणि संत्र्याची साल माहीच्या नाकापुढे धरून ओरडला. माहीनं हात जोडले. फ़ादर डोळे पुसत होते, इतके हसत होते. मीही हसलो. सुमनही हसली. इथवर सगळं छान होतं हो!

मग एक पोरगा दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवत स्टेजवरून धावत गेला. माही खिडकीतून वाकली.

"बस आई," मागून पोरांनी म्हटलं. "बेटा आया?"

"नहीं," माही म्हणाली.

पुन्हा तोच पोरगा धावत गेला. "बस आई. बेटा आया?"

"नहीं."

लोक हसत होते. तिसऱ्या बसला कमी हसले. मग बस येतच राहिली, आणि माही दर वेळी वाकून बघायची आणि सरळ व्हायची, आणि हॉलमध्ये फक्त कूलरचा आवाज. मी दीदींकडे बघितलं, दीदी स्टेजकडे बघत होत्या. मी माहीला हातानं खुणा केल्या, बस, बस कर. तिला वाटलं आणखी बस पाहिजे! तिनं आणखी एक बस मागवली.

शेवटी बेटा आला. पाठीवर दप्तर. खुर्चीवर बसला आणि दुहेरी पाटी उघडून लॅपटॉपसारखी मांडीवर ठेवली. माही त्याच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "बेटा, आज कौन-सा डब्बा जाएगा?"

"पीला," बेटा म्हणाला. पाटीतून मान वर न करता.

माही उठली, पिवळं खोकं उचललं आणि एकटी स्टेजच्या बाहेर चालत गेली. मग धावत परत आली, टोपी काढून हातात घेतली आणि खणखणीत आवाजात शेवटचं वाक्य म्हणाली.

"जर्मनी बहुत सुंदर देश है. इंगोले अंकल ने खिड़की से देखा है!"

टाळ्या! हॉल नुसता फुटला. भांडेवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला धरणीमाता दोन फूट जरी फाटली असती तरी पुरलं असतं. मी सुमनच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. त्यात प्रशांत नव्हता. छत दिसत होतं, तिकडच्या घराचं पांढरं छत, आणि रेवाचा हसण्याचा आवाज. मग तेही गेलं.

पहिलं बक्षीस जर्मनीलाच मिळालं. दीदी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "भैया, गुढियारी वाले चर्च में भी यही दिखाना है." मी म्हटलं, "दीदी, मला सोडा." मराठीत म्हटलं, त्यांना कळलं नाही, त्या 'थैंक यू' म्हणाल्या.

गल्लीतली माणसं टाळायला लांबून, बूढा तलावाच्या कडेनं, डोक्यावर ऊन घेत आम्ही घरी आलो. सुमन चार पावलं पुढेच चालत होती. ती बोलत असली की मला भीती वाटत नाही. घरी आल्यावर पाण्याचा गिलास समोर ठेवून म्हणाली, "मलेबी नाही सांगतलं तुम्ही."

"काय?"

"मले वाटे का तुमाले बसगाड्या पाहाची हौस हाय. एवढी रेल्वेत नोकरी केली म्हणून." आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

मी गिलास उचलून तिच्यामागे आत निघालो.

तेवढ्यात फोन वाजला. प्रशांत. जी एक गोष्ट लपवायला मी एवढ्या थापा मारल्या, ती गोष्ट पाऱ्यातल्या दहा-बारा पोट्ट्यांनी टाळ्या घेऊन त्याला सांगितली होती. उचलावा की नाही? उचलला.

"बाबा." नेहमी हिंदीत बोलणारा पोरगा मराठीत बोलत होता. "मी खरंच रोज डब्याचंच बोलत होतो का?"

"कुठं रोज! पोट्टे आहेत रे ते, वाढवून करतात. एखादे वेळी..."

"वाढवून नाही केलं बाबा. कमीच केलं. जेवतानाही उघडाच राहायचा माझा लॅपटॉप."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होता की सर्दी होती, ते मी विचारलं नाही. मला मात्र सर्दी झाली होती, मे महिन्यात, रायपुरात.

मग म्हणाला, "तुम्ही सांगतलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आता वाटून राहिलं ना," तो म्हणाला. "आता मी रोज फोन करत जाईन. रेवाला घेऊन. लॅपटॉप बंद करून." आणि गंमत म्हणजे, करतोही. तुम्ही म्हणाल, मग काय वाईट झालं? फजितीतून भलंच झालं की! मलाही तसंच वाटलं. बाजारात स्टूल मिळायचं बंद झालं, लोक 'खिड़की वाले अंकल' म्हणायला लागले, जाऊ दे. पोरगा रोज दिसतो, नात रोज दिसणार. मी केस विंचरून, पावडर लावून मोबाईलपुढे बसलो.

रेवानं मला बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आणि ओठ काढला. "आजोबा कहाँ है?"

"अगं, मीच आजोबा!"

"नहीं! आजोबा नहीं!" भोकाड पसरलं पोरीनं.

प्रशांत म्हणाला, टोपी घालून बघा. मे महिन्यात टोपी घातली. सुमनचा मफलर गुंडाळला. पोरगी आणखी मोठ्यानं रडली. शेवटी उलगडा झाला. त्या नाटकाचं कुणीतरी रेकॉर्डिंग केलं होतं, ते प्रशांतकडे गेलं आणि रेवा ते सकाळ-संध्याकाळ बघते. त्याशिवाय घास गिळत नाही. 'ये कौन?' असं तिनं विचारलं, आणि आमच्या शहाण्या पोरानं सांगितलं, 'ये आजोबा.' आता तिच्या लेखी आजोबा म्हणजे माही!

समजावून झालं, रागावून झालं, काही उपयोग नाही. तेव्हा आता रोज संध्याकाळी मी माहीला घरी बोलावतो. ती कुल्फी घेतल्याशिवाय येत नाही. येते, माझ्या खुर्चीत बसते, माझा मफलर घालते, आणि रेवा तिकडे टाळ्या पिटते. "आजोबा! आजोबा!" दोघी अर्धा अर्धा तास बोलतात. रेवा तिला आपली बाहुली दाखवते, नवा आलेला दात तोंड उघडून दाखवते, आणि फोन ठेवताना पापी देते. सगळी माझ्या वाटणीची.

मग मी काय करतो? अहो, मोबाईल धरायला कुणीतरी लागतं ना.

काल हात भरून आला, मोबाईल जरा हलला आणि माझं अर्धं तोंड त्यात दिसलं. रेवा दचकली. बोट दाखवून माहीला म्हणाली, "आजोबा, ये कौन है?"

माहीनं कुल्फीचा चमचा चाटला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ये? ये तो मोबाइल पकड़ने वाले अंकल हैं."

मी मोबाईल जरा नीट धरला.